पिसारोची ‘सुगी’

१८५७ साली फ्रेंच चित्रकार मिले याने सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रियांचे चित्र रंगविले. त्यात भरघोस पीक दूर, क्षितिजालगत आहे. वाकलेल्या स्त्रियांच्या वाट्याला केवळ गळालेली कणसे येतात आणि पाहणाऱ्याच्या मनात करुणा दाटते. कामीय पिसारोच्या ‘सुगी’ या चित्रात अशी विनवणी नाही. हे चित्र १८८२ साली दृक्प्रत्ययवाद्यांच्या सातव्या प्रदर्शनात मांडले गेले. त्यातील मजूर पिकातच वावरतात. पेंढ्यांवर आणि त्यांच्या पाठींवर एकच उजेड पसरला आहे. ती दयेची पात्रे नसून कामात गढलेली माणसे आहेत. भिलाईच्या आसपास धानाची कापणी पाहिलेल्या वाचकास हा भेद सहज उमगेल. वाकलेली पाठ नेहमीच दैन्याची खूण नसते.