अक्षरांचा खेळ, अर्थाचे भांडवल

इंग्रजीचा लांबलचक शब्द समोर आला की पुष्कळांच्या मनावर दडपण येते. मुले त्याचे स्पेलिंग घोकून पाठ करतात आणि वडीलधारी मंडळी ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून बाजूला होतात. परंतु शब्दांतील अक्षरे नीट न्याहाळली, तर काही शब्दांमध्ये मोठी गमतीदार नाती आढळतात. त्या नात्यांच्या आधाराने स्पेलिंग तर लक्षात राहतेच, शिवाय अर्थाचे दारही उघडते. व्यापारी कुटुंबांना उपयोगी पडतील असे काही शब्द येथे पाहू.

पाच स्वर, एक ओळ

इंग्रजी वर्णमालेतील स्वर पाच: ए, ई, आय, ओ, यू. हे पाचही स्वर एकेकदाच आणि याच क्रमाने यावेत, असे प्रचलित शब्द अगदी मोजके आहेत. ‘फॅसिशस’ हा त्यांपैकी एक. त्याची अक्षरे नऊ: एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस. गंभीर विषयातही नको तेथे विनोद करणाऱ्या माणसाला किंवा अशा बोलण्याला हे विशेषण लावतात.

दुसरा शब्द ‘ॲब्स्टीमिअस’. त्याची अक्षरे दहा: ए-बी-एस-टी-ई-एम-आय-ओ-यू-एस. मूळ लॅटिन शब्दाचा रोख मद्यापासून दूर राहण्यावर होता. पुढे इंग्रजीत खाण्यापिण्यात संयम पाळणारा, मिताहारी, असा त्याचा अर्थ रूढ झाला. ज्या घरात ऊनोदरीचे व्रत ठाऊक आहे, तेथे या शब्दाचा अर्थ समजावण्यासाठी शब्दकोशाची गरज पडू नये. नातवाला स्पेलिंग येते आणि आजीला अर्थ येतो. दोघे एकत्र बसले की शब्द पुरा होतो.

हेच पाच स्वर नेमके उलट्या क्रमाने येणारा शब्दही आहे, ‘सबकॉन्टिनेन्टल’, म्हणजे उपखंडासंबंधीचा. चौदा अक्षरांच्या या शब्दात यू, ओ, आय, ई, ए असे स्वर ओळीने उलटे येतात.

वरच्या ओळीतील शब्द

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रिस्टोफर शोल्स यांनी १८६८ मध्ये टंकयंत्राचे पेटंट मिळवले आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र विक्रीस आणले. त्या काळात रूढ झालेली अक्षररचना आज आपल्या संगणकावर आणि मोबाइलवरही आहे. तिच्या वरच्या ओळीत दहा अक्षरे असतात: क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय, यू, आय, ओ, पी. पाचांपैकी चार स्वर याच ओळीत असल्यामुळे केवळ या दहा अक्षरांतून बरेच लांब शब्द तयार होतात. खुद्द ‘टाइपरायटर’ हा दहा अक्षरी शब्द त्यांपैकीच एक.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या ओळीत मोठा खजिना आहे. ‘प्रॉपर्टी’ म्हणजे मालमत्ता. ‘युवर प्रॉपर्टी’ हा सबंध शब्दप्रयोगही याच ओळीत बसतो. ‘इक्विटी’चा एक अर्थ न्याय्यता, व्यवसायात मात्र सर्व देणी वजा जाता मालकाचा उरणारा हिस्सा.

आपल्या दुकानांच्या पाट्यांवर मिरवणारा ‘प्रोप्रायटर’ हाही याच ओळीतला. लॅटिनमधील ‘स्वतःचे’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला. त्याचा अर्थ ‘मालक’ हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यातील जबाबदारी अनेकदा ध्यानात नसते. एकल मालकीच्या व्यवसायात धंद्याचे कर्ज मालकाच्या खासगी मालमत्तेपर्यंत पोहोचू शकते. ‘स्वतःचे’ हा मूळ अर्थ नफ्याला जसा लागू, तसाच देण्यालाही.

‘पर्पेच्युइटी’ हा आणखी एक दहा अक्षरी शब्द. त्याचा अर्थ शाश्वतता, कधीही न संपणारी मुदत. हिशेबाच्या भाषेत, दरवर्षी अखंड मिळत राहणारी रक्कम. दरसाल १०० रुपये कायम मिळणार असतील आणि व्याजाचा दर ५ टक्के धरला, तर त्या हक्काची आजची किंमत २,००० रुपये होते. ब्रिटिश सरकारचे ‘कॉन्सॉल’ हे अठराव्या शतकात सुरू झालेले रोखे याच जातीचे होते. त्यांतील अखेरच्या रोख्यांची परतफेड २०१५ मध्ये झाली. एखाद्या करारनाम्यात आपल्या व्यापारचिन्हाचा हक्क ‘इन पर्पेच्युइटी’ दिला असे लिहिलेले असेल, तर तो हक्क पाच-दहा वर्षांसाठी नव्हे, कायमचा दिला जात आहे, हे सही करण्यापूर्वी उमगले पाहिजे.

जोड्यांचा शब्द

‘बुककीपर’ हा शब्द तर आपल्या पेढीचाच. बी नंतर दोन ओ, दोन के, दोन ई आणि शेवटी पी-ई-आर. एकापाठोपाठ एक अशा तीन जोडाक्षरांच्या नव्हे, तर अक्षरजोड्यांच्या बाबतीत सर्वपरिचित इंग्रजी शब्दांत याच्या कुळाबाहेरचा शब्द सापडणे कठीण. अर्थ साधा आहे, वही सांभाळणारा. म्हणजे आपला मुनीम किंवा दिवाणजी. इटालियन गणिती लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत सविस्तर मांडली. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एकदा नावे आणि एकदा जमा. ज्या कामात प्रत्येक नोंद जोडीने होते, त्या कामाच्या शब्दातही जोड्याच असाव्यात, हा योगायोग मुलांना सांगितला तर हे स्पेलिंग ती सहसा विसरणार नाहीत.

कवडीमोल

सरतेशेवटी एक महाकाय शब्द: ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’. अक्षरे २९, त्यांत ‘आय’ नऊ वेळा, आणि इंग्रजीत सर्वाधिक वापरले जाणारे ‘ई’ एकदाही नाही. हा शब्द फोडला की भीती उरत नाही. त्यात चार लॅटिन शब्द जोडलेले आहेत. लोकरीचा पुंजका, एखादी क्षुल्लक वस्तू, शून्य आणि केस, अशा निरुपयोगी गोष्टींची ती नावे. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे, हा त्यांचा एकत्रित अर्थ. जे सांगण्यास इंग्रजीला २९ अक्षरे लागली, ते मराठीने ‘कवडीमोल’ या पाच अक्षरांत सांगितले.

इंग्रजी येत नाही म्हणून घरातील ज्येष्ठांचे ज्ञान कवडीमोल ठरवण्याची चूक आपल्या पिढीने करू नये. भाव, व्याज, हक्क, जबाबदारी आणि संयम यांचे अर्थ त्यांनी आयुष्यभर व्यवहारात पारखले आहेत. मुलांनी स्पेलिंग सांगावे, ज्येष्ठांनी अर्थ सांगावा. आठवड्याला एक शब्द घेतला, तरी वर्षअखेर घराच्या खात्यात बावन्न शब्द जमा होतील.