हवेची रिबिट मशीन : जोर येतो कुठून?

आमचा धंदा कापडाचा. यंत्राशी आमचा संबंध फार तर शिलाई मशीनपुरता. पण ठोक कापड विकता विकता आम्ही जीन्स शिवून घेण्याच्या कामात पडलो, आणि त्या कामाने आम्हाला रिबिटीच्या मशीनसमोर आणून बसवले. पहिल्याच मोसमात एक लॉट परत आला. शिलाई ठीक, रंग ठीक, पण खिशाच्या कोपऱ्यावरची रिबिट बोटाने फिरवली तर फिरत होती. गंमत अशी की त्याच मशीनवर, त्याच कारीगराने, त्याच हवेवर मारलेला आधीचा लॉट एकदम पक्का होता. फरक एवढाच की पहिला माल दहा औंसाच्या डेनिमचा होता आणि हा चौदा औंसाचा.

मिस्त्री म्हणाला, "शेठ, कॉम्प्रेसर लहान पडतो." आम्ही मोठा कॉम्प्रेसर घेतला. रिबिट फिरतच राहिली. मग आम्हाला स्वतः कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले. त्यातून जे समजले ते वाचक बंधूंपुढे ठेवत आहोत. आपले कितीतरी भाऊ बॅग, पट्टे, पेट्या, चपला, जीन्स यांच्या कामात आहेत आणि हातप्रेस सोडून हवेचे मशीन घेण्याच्या विचारात आहेत. आमचे पैसे वाया गेले ते गेले, त्यांचे तरी जाऊ नयेत.

रिबिटीचा किस्सा कापडवाल्याने सांगावा असाच आहे. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मजुरांच्या विजारीचे खिसे फाटतात म्हणून त्याने घोड्यांच्या झुलींना मारायच्या तांब्याच्या रिबिटी खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकल्या. माल खपू लागला, पण पेटंट घ्यायला पैसा नव्हता. म्हणून ज्याच्याकडून कापड घेत असे त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉसला त्याने भागीदार केले. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले. डोके शिंप्याचे, पैसा कापडवाल्याचा. डेव्हिसची रिबिट हातोडीने बसत होती. आज तेच काम हवेने होते, पण रिबिटीला काय हवे ते बदललेले नाही : तिचा पाय दाबून पसरला पाहिजे, सरळ पसरला पाहिजे, आणि दर वेळी तेवढाच पसरला पाहिजे.

आता हवेचा जोर. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. तिथे घोकलेले एक वाक्य इतक्या वर्षांनी कामी आले : कुव्वत म्हणजे दबाव गुणिले रकबा. कॉम्प्रेसरच्या घड्याळात काटा सहावर असतो तेव्हा कारीगर 'सहा किलो हवा' म्हणतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सहा किलो. ६३ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात पिस्टनचा रकबा सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर असतो. एकतीस सख एकशे शहाऐंशी. बस्स, एवढाच जोर, एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या दोन-अडीच पट. मोठा कॉम्प्रेसर आणला तरी रेग्युलेटरवर हवा सहाच किलो ठेवली तर जोर तोच राहतो. मोठ्या कॉम्प्रेसरने दम वाढतो, ताकद नाही. जास्त मशीन एकदम चालवायची असतील, हवा चारवर उतरत असेल, तर मोठा घ्या. आमची हवा उतरतच नव्हती. आमचे तिथेच चुकले.

मग १८६ किलोत रिबिट बसते कशी? इथे या मशीनची खरी कारीगरी आहे. समजा आपल्याला शेवटी हजार किलोचा दाब हवा. (हा आकडा फक्त हिशोबासाठी. आपल्या रिबिटीला किती लागतो तो तिच्या धातूवर आणि जाडीवर ठरतो. भरीव पोलादी रिबिटीला भरपूर लागतो, पोकळ पायाच्या पितळी रिबिटीला बराच कमी.) एक रस्ता असा की सिलिंडरच मोठा घ्यावा आणि सरळ वरून दाबावे. त्यासाठी १६० मिलिमीटरचा सिलिंडर लागेल. दुसरा रस्ता टॉगलचा.

टॉगल म्हणजे माणसाचा गुडघा समजा. दोन पोलादी पट्ट्या, मध्ये पिन. वरची पट्टी वर फ्रेमला अडकवलेली, खालची पट्टी खाली पंचाच्या दांड्याला. सिलिंडर आडवा बसवून गुडघ्याला ढकलतो, गुडघा सरळ होत जातो आणि दांडा खाली उतरतो. आमच्या बाजारात कापडाची गाठ बांधताना हमाल काय करतो ते आठवा. दोरी दोन टोकांना बांधून झाली की तो ती मध्येच धरून आडवी ओढतो. जितकी दोरी आधीच ताठ, तितकी त्या आडव्या ओढीने ती जास्त आवळते. टॉगल तोच न्याय उलट्या बाजूने वापरतो : तिथे ओढ, इथे दाब.

आकड्यांत पाहा. दोन्ही पट्ट्या १०० मिलिमीटर लांब धरल्या. गुडघा वाकलेला असताना, म्हणजे प्रत्येक पट्टी सरळ रेषेपासून ३० अंशावर असताना, पंचावर येणारा जोर सिलिंडरच्या जोरापेक्षा थोडा कमीच असतो, सुमारे १६० किलो. पण तिथे पंच झपाट्याने खाली येतो. १० अंशावर आला की जोर २.८ पट, म्हणजे सुमारे सव्वापाचशे किलो. ५ अंशावर ५.७ पट, म्हणजे हजाराच्या वर. पिनांच्या घर्षणात त्यातला काही जातोच. आता अंतर पाहा. ३० अंशापासून सरळ होईपर्यंत पंच एकूण जेमतेम २७ मिलिमीटर उतरतो. १० अंशावर त्यातले फक्त ३ मिलिमीटर उरलेले असतात, आणि ५ अंशावर पाऊण मिलिमीटर. म्हणजे सगळा मोठा जोर त्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये साठवलेला असतो. फुकट काही नाही. लांब पल्ला देऊन लहान पल्ल्यात जोर घेतला, एवढाच सौदा.

रिबिटीला हा सौदा अगदी मानवतो. तिलाही आधी नुसते जवळ येणे हवे असते आणि जोर शेवटीच हवा असतो. हवेचा खर्चही वाचतो. ६३ मिलिमीटरचा सिलिंडर ५० मिलिमीटर जाऊन परत आला की बाहेरची साधी हवा सुमारे सव्वादोन लिटर खर्च होते. तेच काम सरळ दाबणाऱ्या १६० च्या सिलिंडरने केले तर साडेसात लिटर. मिनिटाला वीस रिबिटी मारल्या तर ४५ लिटर विरुद्ध १५० लिटर. दिवसभराच्या विजेच्या बिलात हा फरक उघड दिसतो.

पण टॉगलची एक खोड आहे, आणि आमचा लॉट तिनेच परत आणला. टॉगलला पूर्ण जोर एकाच उंचीवर मिळतो. आमचे मशीन दहा औंसाच्या कापडावर बसवलेले होते. तिथे रिबिट दाबली जाताना पट्ट्या ५ अंशावर येत होत्या. चौदा औंसाच्या कापडात खिशाच्या कोपऱ्यावर चार-पाच थर एकत्र येतात, तिथली जाडी सुमारे एक मिलिमीटरने वाढली. पंच एक मिलिमीटर आधीच अडला. तेवढ्याने पट्ट्या साडेसात अंशावर थांबल्या आणि जोर हजारावरून सातशेवर आला. एका मिलिमीटरला तीनशे किलो! कारीगराच्या हाताला फरक कळला नाही, आवाज तोच आला, टोपी बसलेली दिसली. गिऱ्हाइकाने मात्र बोटाने फिरवून पाहिली.

उपाय दोन रुपयांचा निघाला. पंचाच्या खाली बारीक आट्यांचा स्क्रू आणि चेक-नट होता. तो कापडाप्रमाणे फिरवायचा असतो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते. जाड कापडाला लांब पायाची रिबिटही लागते, ते वेगळे. आता आमच्याकडे प्रत्येक कापडाचा तुकडा सुतळीत ओवून मशीनला टांगलेला आहे. माल बदलला की आधी त्या तुकड्यावर पाच रिबिटी मारायच्या, पक्कडीने फिरवून पाहायच्या, मगच काम सुरू. सरळ दाबणाऱ्या मोठ्या सिलिंडरला ही कटकट नाही, त्याचा जोर कुठेही थांबला तरी तोच असतो. ज्यांच्याकडे तासातासाला जाडी बदलते, जसे बॅगवाले, त्यांनी हवेचा जास्त खर्च सोसून सरळ सिलिंडर घेतला तर आम्ही त्यांना चूक म्हणणार नाही.

गुडघा अगदी सरळ होऊ देणेही बरे नव्हे. हिशोबाने सरळ रेषेत जोर अमर्याद होतो. प्रत्यक्षात एवढेच होते की फ्रेम तडकते, पिन वाकते किंवा गुडघा पलीकडे जाऊन अडकून बसतो. म्हणून एक-दोन अंश आधीच त्याला थांबवणारा टेकू हवा. पिना कडक केलेल्या हव्यात आणि त्यांना काशाचे बुश हवेत. तीन पिनांत प्रत्येकी दहाव्या हिश्श्याचा मिलिमीटर खेळ पडला तरी पाऊण मिलिमीटरातले बरेच त्यातच गेले.

आता फ्रेमबद्दल, कारण स्वस्त मशीन बनवणारे पैसा इथेच वाचवतात. फ्रेम इंग्रजी 'सी' अक्षरासारखी असते, म्हणजे माल आत सरकतो. पंच खाली दाबतो तेव्हा फ्रेमचे तोंड उघडू पाहते. थोडे जरी उघडले तरी पंच तिरका होतो आणि रिबिटीचे डोके एका बाजूला कलते. त्यात टोपीची धार एका अंगाला वर राहते आणि धुलाईत तिथेच कापड कापले जाते. बनवणारा म्हणतो, "पत्रा जाड केला." जाडी दुप्पट केली तर वाकणे निम्मे होते. पण फ्रेमच्या पाठीची आणि हातांची रुंदी, म्हणजे जोर ज्या दिशेने वाकवतो त्या दिशेचे माप, दुप्पट केले तर वाकणे एक अष्टमांशावर येते. लाकडाची फळी आडवी ठेवून तीवर उभे राहा आणि मग उभी ठेवून राहा, लगेच कळेल. आणि घशाची खोली गरजेपेक्षा जास्त मागू नका. खोल घसा दिसायला छान, पण फ्रेम उघडण्याची खोड त्याने फार वाढते.

हवा साफ लागते. आपल्याकडे पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत इतके पाणी जमते की वाटते नळ जोडला आहे. रोज संध्याकाळी टाकीखालची चावी उघडून ते काढावे आणि मशीनच्या आधी फिल्टर, रेग्युलेटर आणि तेलाची कुपी लावावी. तेल सिलिंडरच्या भल्यासाठी, पण व्हॉल्व्हमधून सुटणारी हवा तेच तेल बारीक फवाऱ्यासारखे बाहेर टाकते. आमचे पांढरे ड्रिल त्याने डागाळले आहे. सुटणाऱ्या हवेचे तोंड खाली, मालापासून दूर वळवून घ्या आणि त्यावर सायलेन्सर बसवा.

एक गोष्ट सांगताना आम्हाला अजून संकोच होतो. आमच्याच गाळ्यात एका दुपारी वीज गेली. पंचात एक रिबिट अडकली होती. बाजूला बसणारा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा ती काढायला गेला. दिवे बंद, मोटर बंद, त्याला वाटले मशीन मेले. पण टाकीत पाच किलो हवा होती. वळताना त्याचा पाय पायडलवर पडला. डाव्या हाताच्या तर्जनीचे टोक गेले. "चाचा, लाइट नव्हती ना," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दवाखान्याचा खर्च आम्ही दिला, आजही तो आमच्याकडेच आहे, पण बोट परत आले नाही. जो शेवटचा मिलिमीटर रिबिट बसवतो तोच बोट घेतो, आणि तो विजेवर नाही, साठलेल्या हवेवर चालतो.

त्यानंतर आम्ही तीन बदल केले. मशीनच्या तोंडाशी एक चावी बसवली, जी बंद केली की पुढची हवा तर थांबतेच, पण मशीनमध्ये अडकलेलीही सुटून जाते. पंचाला हात लावायचा तर आधी ती चावी. पायडलवर लोखंडी टोपण घातले, म्हणजे पाय मुद्दाम आत घातल्याशिवाय दबत नाही. आणि पंचाभोवती कडे बसवले, ज्याच्या आणि खालच्या डायच्या मधली फट सहा मिलिमीटरपेक्षा कमी आहे. कापड सरकते, बोट शिरत नाही. पेट्या आणि कुलपांच्या कामात दोन हातांची दोन बटणे लावता येतात, दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच मशीन चालते. जीन्समध्ये दोन्ही हात कापड धरण्यात गुंतलेले, तिथे बटणे चालत नाहीत, म्हणून कडे. काम थोडे हळू होते अशी कारीगरांची सुरुवातीला तक्रार होती. पंधरा दिवसांत हात बसला.

मशीन पाहायला जाल तेव्हा आपले कापड आणि आपली रिबिट बरोबर घेऊन जा. दुकानदाराच्या नमुन्यावर कोणतेही मशीन चांगलेच चालते. सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड, दोन्ही मालांवर पन्नास-पन्नास रिबिटी मारून घ्या. हवा पाचवर आणून पुन्हा मारा. दाब पडत असताना फ्रेमच्या वरच्या हातावर बोट ठेवा, तो उचलला गेल्याचे जाणवले तर तिथूनच परत फिरा. उंचीचा स्क्रू कुठे आहे आणि हवा सोडायची चावी कुठे आहे, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नावर जो हसला त्याच्याकडून आम्ही मशीन घेतले नाही.