फाईलवर 'एफ २५' लिहिलंय, म्हणजे नेमकं काय? मानसिक आजाराचे कागद का जपायचे

दवाखान्यातून सुट्टी होते, हातात डिस्चार्ज कार्ड येतं आणि घरी आल्यावर अम्मी विचारते, "बेटा, डॉक्टरनं काय लिहिलंय?" औषधांची नावं कशीबशी वाचता येतात. वर इंग्रजीत एक ओळ असते आणि शेजारी 'एफ २५.०' असा आकडा. त्याचा अर्थ कुणी सांगत नाही, आपणही विचारत नाही. कार्ड पिशवीत जातं आणि पिशवी कपाटावर. नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत हेच होतं, म्हणून आज आम्ही या आकड्याबद्दल लिहितोय.

जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या आजारांना क्रमांक दिलेत. या यादीला आयसीडी म्हणतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत मानसिक आजार 'एफ' अक्षराखाली येतात. एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया, एफ ३१ म्हणजे बायपोलर आणि एफ २५ म्हणजे स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर. यात आवाज ऐकू येणं, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं हेही असतं आणि मनाचा चढ-उतारही. पुढचा आकडा प्रकार सांगतो: ० म्हणजे चढ, १ म्हणजे उदासी, २ म्हणजे दोन्ही, ९ म्हणजे प्रकार नोंदवलेला नाही. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत याच आजाराचा क्रमांक ६ए२१ आहे. नव्या कागदावर तो दिसला तर आजार बदलला असं समजू नका.

खरा गोंधळ वेगळाच आहे. समजा, देगलूर नाक्यावरचा एक मुलगा. पहिल्यांदा त्याची झोप उडाली, तो एकटाच बोलू लागला, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी एफ २३ लिहिलं, म्हणजे अचानक आलेला, थोड्या काळाचा मनोविकार. दोन वर्षांनी तो हैदराबादला मामांकडे असताना रात्र-रात्र जागून पैसे उधळू लागला. तिथं एफ ३१ झालं. पुढं लातूरला एफ २०. घरचे म्हणतात, "तीन डॉक्टर, तीन आजार! मग औषध कशाला घ्यायचं?" आणि गोळ्या बंद होतात.

प्रत्येक वेळी डॉक्टर चुकलेच असं नाही. त्या त्या दिवशी समोर जे दिसलं, ते त्यांनी लिहिलं. हा आजार एका भेटीत ओळखू येणं अवघड असतं. भास आणि मनाचा चढ-उतार एकाच काळात होते का, मन शांत असतानाही आवाज येत होते का, आले तर किती दिवस, यावर निदान ठरतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नियमावलीत तर मनाचा चढ-उतार नसतानाही किमान दोन आठवडे भास किंवा भ्रम असावेत अशी अट आहे. गर्दीच्या ओपीडीत हे दोन आठवडे डॉक्टरांना कसे दिसणार? ते दिसतात जुन्या कागदांत आणि घरच्यांच्या सांगण्यात. तीन फाईली एकत्र टेबलावर ठेवल्या, तेव्हाच एफ २५ लिहिलं जातं.

पण फाईली एकत्र नसतात. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यामुळे आपली माणसं सोलापूर, हैदराबाद, जिथं ओळख निघेल तिथं जातात. सुरुवातीचे काही महिने दुआ-तावीजमध्ये गेलेले असतात, त्याचा तर कागदच नसतो. ते महिनेही डॉक्टरांना न लाजता सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. आजार सुरू झाल्याची तारीख तिथून धरली जाते.

नावाचंही बघा. 'शेख' इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहितात, मोहम्मदचं कुठं 'एमडी' होतं, लग्नानंतर मुलीचं नाव बदलतं. केसपेपर काढतानाच आधारवरचं स्पेलिंग द्या. पाच वर्षांनी खिडकीवर 'हा माणूस वेगळा आहे' असं ऐकण्यापेक्षा ते सोपं.

हे सगळं कामाला येतं दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, पण बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. नुसत्या एफ २५ मुळे टक्के मिळत नाहीत. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि कामधंदा या चार गोष्टींना शून्य ते चार असे गुण देतात. आजार किती जुना, याचे गुण वेगळे. आणि इथंच आपण घोळ करतो. डॉक्टर विचारतात "कसा आहे?", आपण म्हणतो "अल्लाहचं करम आहे, ठीक आहे." कागदावर 'ठीक' लिहिलं जातं. तो आठ-आठ दिवस आंघोळ करत नाही, दुकानावर अर्धा तास टिकत नाही, हे दर भेटीत सांगायला हवं. विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूरची विलासराव देशमुख संस्था, डॉक्टर सांगितलेलंच लिहिणार.

कागद हरवले असतील तर मागता येतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाची नोंद किमान तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असते. म्हणजे उशीर केला तर हाती काही लागेलच असं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही रुग्णाला आपल्या नोंदी मिळण्याचा हक्क दिलाय. मात्र त्याला इजा होईल असा भाग डॉक्टर रोखू शकतात. याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगितलंय. दाव्याच्या कागदांत निदान लागतं, म्हणून फॉर्म भरताना आजार लपवू नका.

मात्र हीच कार्डं खानदानच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मुलीच्या नात्याची बोलणी चालू असताना असा फोटो कुठून कुठं जातो, हे आम्ही सांगायला नको. आजार गुप्त राहणं हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे आणि तो घरच्यांनीही पाळायचा.

एक साधी वही करा. तारीख, झोप किती, काय बोलला, कोणती गोळी सुरू वा बंद झाली. लिथियम चालू असेल तर रक्ताचे रिपोर्ट त्याच वहीत चिकटवा आणि रमजानच्या आधीच डॉक्टरांना रोज्याबद्दल विचारून उत्तर लिहून घ्या. शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियमचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर सरकारचा टेली-मानस नंबर १४४१६ आहे. तोही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.