तोक्योचं पत्र : पगार त्याचा, कार्ड तिच्याकडे

जपानी बायको म्हणजे मान खाली घालून चहा ओतणारी, हे चित्र आता पुण्या-मुंबईच्या मंडळींनी भिंतीवरून उतरवावं. आमचे विभागप्रमुख ऑफिसात सगळ्यांवर हुकूम सोडतात आणि दुपारी पाचशे येनच्या एका नाण्यात भागेल असं जेवण शोधत हिंडतात. पगाराच्या खात्याचं कार्ड बायकोच्या पर्समध्ये असतं, यांना महिन्याला नेमका हातखर्च मिळतो. वाढवून हवा असेल तर बोनसपर्यंत थांबायचं आणि तिचा मूड बघून विषय काढायचा. तरुण जोडपी हल्ली आपापली खाती सांभाळतात, पण जुन्या घरांत हाच रिवाज.

मोतोको हानी या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही छापली. अशा वह्यांच्या थप्प्या आजही वर्षअखेरीला दुकानांत लागतात. आमच्या शेजारच्या आजी रोज रात्री तीत पावत्या चिकटवतात, अगदी कांद्याच्या पातीचीसुद्धा. घरखर्चातून नवऱ्याला न सांगता जे उरवायचं, ती हेसोकुरी.

आपल्याकडे भाजीला पैसे मागावे लागतात, तरी डाळीचा डबा भरतोच. नोव्हेंबर २०१६मध्ये नोटाबंदी झाली आणि मावशीला काकांसमोर पाचशेच्या नोटा मोजाव्या लागल्या. काकांना नोटा गेल्याचं दुःख नव्हतं. आपण हिला एवढे पैसे दिलेच कधी, हे कोडं त्यांना सुटेना. इथे जुलै २०२४मध्ये नव्या नोटा आल्या, जुन्याही चालू राहिल्या. आजींना कपाट उघडावंही लागलं नाही. हेवा वाटतो तो इथे.

पण आजींनाही फार मिरवता येणार नाही. नवऱ्याच्या पगारातून साठवलेला पैसा बायकोच्या नावावर असला, तरी नवरा गेल्यावर करखातं ती त्याचीच मालमत्ता धरू शकतं. जन्मभर हिशेब तिनं ठेवायचा, धनी मात्र तो! मावशीच्या पाटल्या निदान कायद्यानं तिच्याच, स्त्रीधन. अर्थात बोअरवेलसाठी त्या गहाण टाकायचं ठरवलं काकांनी. पाणी लागलं नाही. पाटल्या सोडवल्या मावशीनं, भिशीच्या पैशातून. आणि काका अजून पाहुण्यांना सांगतात, ‘मी सोडवून आणल्या.’