बाटलीचा आवाज

गोव्यातल्या पेडण्याच्या एका भाड्याच्या खोलीत वस्त्यांमधून फिरणाऱ्या आरोग्यताई जमिनीवर बसल्या आणि पिशवीतून एचआयव्ही तपासणीचं सामान काढलं. आधी विचारायचं, मग बोट टोचायचं. संमतीशिवाय तपासणी नाही, हे 2017च्या एचआयव्ही कायद्यात आहे. ताई ते त्याच्या आधीपासून पाळतात.

निकालाला वीसेक मिनिटं लागतात. खरं बोलणं तेवढ्यातच होतं.

"गिऱ्हाईक निरोध नको म्हणाला तर?" समोरच्या धंदा करणाऱ्या बाईनं विचारलं.

ताईंनी रोजच्या गोळीबद्दल सांगितलं. टेनोफोव्हिर आणि त्याच्या जोडीचं एक औषध, संसर्ग होण्याआधी घ्यायचं. निरोधाला पुरुषाचा होकार लागतो, गोळीला लागत नाही. मला हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. पण बायकांना ती रोज घ्यावी लागते. पुरुषांसारखं संबंधापुरत्या चार गोळ्या घेऊन भागत नाही. संरक्षण पुरतं यायला काही दिवस लागतात. सुरू करण्याआधी एचआयव्ही नसल्याची खात्री, मूत्रपिंडाची तपासणी. पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी. इतर गुप्तरोग ती थांबवत नाही, म्हणून निरोध राहतोच.

बाई ऐकत होती. मग म्हणाली, "बाटली ठेवू कुठं? चौघी राहतो. हलवली की वाजते."

टेनोफोव्हिर एचआयव्हीच्या उपचारातही असतं. लेबल वाचलं तर मैत्रीण बाईला एचआयव्हीच झालाय असं समजणार, घरमालक खोली सोडायला सांगणार. पुरचुंडीत बांधावी तर पावसाळ्यात गोळ्या ओल धरतात. ही भीती उगाच नाही. 1989 मध्ये याच गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना निव्वळ एचआयव्ही असल्यामुळे 64 दिवस डांबलं होतं. 2004 मध्ये वास्कोची बायणा ही धंद्याची वस्ती पाडली. धंदा थांबला नाही, खोल्या-लॉजांत विखुरला, आणि ताईंसारख्यांची पायपीट वाढली.

कोलकात्याच्या सोनागाचीत आणि म्हैसूरला धंदा करणाऱ्या सुमारे 1300 बायकांनी ही गोळी घेतली, त्या काळात एकीलाही संसर्ग झाला नाही. दोन्हीकडे काम याच बायकांच्या संघटनांनी चालवलं होतं. आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविरचं इंजेक्शन आलंय. 2024 मध्ये जाहीर झालेल्या दक्षिण आफ्रिका-युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या 2134 जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्यात लपवायला बाटलीच नाही.

ते इथं येईल तेव्हा येवो. तोवर पेडणे-डिचोलीत जिथं बोट टोचलं जातं तिथंच, त्याच ताईंच्या हातून, फुकट आणि बिनलेबलाच्या डबीत ही गोळी द्या.