मेट्रो कशाला म्हणावे?

शहरातून उंच खांबांवर रूळ गेले, स्थानकाला सरकते जिने लाभले आणि डबे वातानुकूलित झाले, की त्या व्यवस्थेस ‘मेट्रो’ म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. आमच्या मते ही व्याख्या बांधकामाची झाली, सेवेची नव्हे. प्रवाशाने वेळापत्रक न पाहता स्थानकात यावे आणि काही मिनिटांत त्याला गाडी मिळावी, हीच मेट्रोची खरी खूण होय. दोन गाड्यांमधील अंतर दहा मिनिटांच्या पुढे गेले की माणूस घड्याळ पाहून घराबाहेर पडू लागतो.

ही कसोटी लावून दोन शहरे पाहावीत. चेन्नई येथे १९९५ साली उन्नत मार्गावर शहरी रेल्वे सुरू झाली. मार्ग स्वतंत्र, वाटेत रस्त्याचे फाटक नाही. बाह्य रूप सर्वस्वी मेट्रोचे. परंतु गर्दीची वेळ सरली की गाड्यांमधील अंतर वर्षानुवर्षे पंधरा-वीस मिनिटांच्या घरात राहिले आणि भव्य स्थानके ओस पडली. याउलट मुंबईच्या लोकलला कोणी मेट्रो म्हणत नाही. पण गर्दीच्या वेळी चर्चगेटहून दर दोन-चार मिनिटांनी गाडी सुटते. चेंगराचेंगरीचा शाप तिला आहेच. तथापि गाडी चुकल्याचे दुःख तेथे फार वेळ टिकत नाही.

मुंबईतही सर्वत्र अशीच स्थिती आहे असे मात्र नव्हे. हार्बर मार्गाला वडाळा येथे फाटा फुटतो; काही गाड्या पनवेलकडे, तर काही गोरेगावकडे वळतात. साहजिकच वडाळ्यापर्यंत जवळजवळ धावणाऱ्या गाड्या पुढे प्रत्येक फाट्यावर विरळ होतात. मुख्य मार्गाचा आकडा सांगून फाट्यावरील प्रवाशाचे समाधान होणार नाही.

वीस मिनिटांचे अंतर म्हणजे सरासरी दहा मिनिटांची प्रतीक्षा. गाडी बदलावी लागली तर तिच्यात आणखी भर. याची झळ कचेरीच्या वेळेत जाणाऱ्यांपेक्षा दुपारपाळीची परिचारिका, रात्री घरी परतणारा कामगार व इस्पितळात निघालेला वृद्ध यांनाच अधिक बसते. हे अंतर केवळ इच्छेने कमी होत नाही. त्यासाठी स्वतंत्र रूळ, उत्तम सिग्नल यंत्रणा, अखेरच्या स्थानकात गाडी चटकन परतवण्याची सोय आणि पुरेसे डबे व मोटरमन लागतात. हा खर्च उद्घाटनाच्या फितीइतका दिसत नाही, म्हणूनच तो मागे पडतो.

यास्तव आमची मागणी एवढीच, की नव्या मार्गाची लांबी व खर्च जाहीर करताना दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता, प्रत्येक फाट्यावर, किती मिनिटांनी गाडी मिळेल हेही शासनाने लेखी जाहीर करावे. करदात्याने पैसा मोजला आहे तो गाडीसाठी, खांबांसाठी नव्हे.