चित्रा: एक ठिपका, दोन तारे

नवा रायपूरहून बोलतोय. आजचा प्रश्न: ताऱ्याचं वजन कसं करायचं?

उदाहरण आपल्या ओळखीचं घेऊ, चित्रा. चैत्र पौर्णिमेचा चंद्र याच ताऱ्याच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याला चैत्र हे नाव मिळालं. दुर्बिणीतूनही चित्रा एकच ठिपका दिसते. पण १८९० साली जर्मनीतल्या पॉट्सडॅम वेधशाळेत हर्मान फोगेल यांनी ओळखलं, की हे दोन तारे आहेत. कसं? वर्णपटावरून.

रायपूर स्टेशनात उभं राहा. मालगाडी भोंगा वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे गेली की उतरतो. प्रकाशाचंही तसंच. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला.

चित्रेच्या वर्णपटात रेषांच्या दोन जोड्या दिसतात. एक निळ्याकडे गेली की दुसरी तांबड्याकडे. मग त्या एकमेकींत मिसळतात, पुन्हा फुटतात. सुमारे ४ दिवसांनी तेच चक्र परत. म्हणजे दोघे ४ दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात.

आता वेग. मोठा तारा सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर, धाकटा सुमारे १९०. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा १२० किलोमीटर वेगाला जेमतेम पाव नॅनोमीटर सरकते, तेवढं मोजावं लागतं! जड तारा हळू फिरतो, हलका जोरात. १९० भागिले १२०, म्हणजे मोठा साधारण दीडपटीहून थोडा अधिक जड.

पण थांबा. वर्णपट फक्त आपल्या दिशेचा वेग सांगतो. कक्षा तिरकी असेल तर खरा वेग जास्त असतो. हा कल ऑस्ट्रेलियातल्या नॅराब्राय इथल्या निरीक्षणांतून १९७१ साली मिळाला: सुमारे ६६ अंश. कल, वेग आणि काळ हाती आले, की केपलरचा नियम वजन सांगतो: एक सुमारे ११ सूर्यांइतका, दुसरा ७. दोघांतलं अंतर जेमतेम दोन कोटी किलोमीटर, सूर्य-बुध अंतराच्या एक तृतीयांश.

हा आकडा कशाला हवा? ताऱ्याचं भविष्य मुख्यतः वजनावर ठरतं. ८ सूर्यांहून जड तारा बहुधा स्फोटात संपतो, म्हणजे चित्रेतल्या थोरल्याचा शेवट तसाच होण्याची शक्यता मोठी.

उन्हाळ्यात रात्री सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवा. आधी नारिंगी स्वाती लागेल, मग पांढरी चित्रा. बघताना दोघांना मोजा!